पावती वाचता आली पाहिजे

प्रस्तावना

निपाणीत विडीचा हिशेब हजारावर चालतो. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला पान आणि तंबाखू मोजून मिळतो. वळून आणलेल्या विड्या मोजून घेतल्या जातात, त्यातली छाट, म्हणजे नापास ठरलेल्या विड्या, बाजूला निघते आणि उरलेल्या विड्यांची मजुरी हजारी दराने ठरते. विडी आणि सिगार कामगारांच्या नोकरीच्या अटींचा कायदा १९६६ साली झाला. तेव्हापासून या कामाची नोंद ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

त्या नोंदीतली एक ओळ डोळ्यांपुढे आणा. तारीख, नाव, विड्या, छाट, दर, रक्कम. आकड्याखाली आकडा आला असेल आणि नाव ओळखू येत असेल, तर बाई ओळीवरून बोट फिरवते आणि स्वतःचा हिशेब स्वतः पडताळते. ओळ विस्कटलेली असेल तर ती कागदाची घडी घालते, मिळालेले पैसे पदराला बांधते आणि घरी जाते. चूक झाली असली तरी ती तशीच राहते, कारण ती कुणाला दिसलेलीच नसते.

अशी एक ओळ संगणकाकडून नीट लिहून घ्यायला हे पुस्तक शिकवते. पुस्तकी भाषेत याला ‘मांडणी केलेला मजकूर फाइलमध्ये लिहिणे’ म्हणतात. नवशिक्याच्या कोणत्याही अभ्यासक्रमात हा भाग दोन-तीन पानांत उरकलेला असतो. मी त्यासाठी अख्खे पुस्तक खर्ची घातले आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेला मुलगा पहिल्या दिवशी पडद्यावर काहीतरी उमटवतो आणि त्याला आनंद होतो. पण पडद्यावर उमटलेले खिडकी बंद केली की जाते. ते पाहणारा तोच, समजून घेणाराही तोच. फाइल मात्र मागे राहते. ती पेन ड्राइव्हवरून दुसऱ्याकडे जाते, छापली जाते, सहा महिन्यांनी कुणीतरी उघडतो. तेव्हा लिहिणारा शेजारी नसतो. ‘या आकड्याचा अर्थ असा होता’ हे सांगायला कुणी नसते, म्हणून जे सांगायचे ते मांडणीनेच सांगावे लागते. विद्यार्थी पहिली फाइल लिहितो त्या दिवशी तो पहिल्यांदा दुसऱ्यासाठी लिहितो, असे मी मानतो.

आपल्या भागात ही समज नवी नाही. आपल्या दुकानदारांनी आणि वखारवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दोन प्रकारच्या वह्या ठेवल्या. कीर्दीत व्यवहार जसा घडला त्या क्रमाने उतरायचा, रोज, खाडाखोड न करता. खतावणीत त्याच नोंदी माणसागणिक लावायच्या. कीर्द हा मूळ पुरावा, खतावणी ही वाचण्याची सोय. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला, मध्ये घडी. पानाच्या त्या घड्या म्हणजेच रकाने होते. लिहिणाऱ्याने बोरू हातात घेण्यापूर्वी पान दुमडून घ्यायचे, म्हणजे मजकुराची जागा मजकुराच्या आधी ठरायची.

फाइल उघडण्याचे दोन मार्ग मी याच दोन वह्यांवरून शिकवतो. पायथन या भाषेत, आणि बहुतेक सगळ्याच भाषांत, फाइल ‘लिहिण्यासाठी’ उघडली की आधीचे सगळे पुसले जाते आणि कोरे पान मिळते. ‘जोडण्यासाठी’ उघडली की जुने तसेच राहते आणि नवी ओळ तळाशी बसते. कीर्द नेहमी जोडण्यासाठी उघडावी. खतावणी पुसून पुन्हा लिहिली तरी चालते, कारण कीर्द शाबूत असेल तर खतावणी हवी तेव्हा नव्याने तयार करता येते. माझ्या पहिल्या उपयोगी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पायथनच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, मी कीर्द लिहिण्यासाठी उघडली होती. सकाळी स्क्रिप्ट चालली आणि महिनाभराच्या नोंदींच्या जागी त्या दिवसाची एकच ओळ उरली. ज्यांच्या नोंदी होत्या त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या आठवणीतून तो महिना पुन्हा उभा करावा लागला. त्या घरांतली माणसे रागावली नाहीत, आणि त्यामुळेच मला ते अधिक लागले. या पुस्तकात फाइल उघडण्याचा धडा मांडणीच्या धड्याआधी येतो, तो त्या महिन्यामुळे.

त्याच धड्यात फाइल बंद करण्याविषयी दोन पाने आहेत. लिहिलेला मजकूर ताबडतोब डिस्कवर जात नाही. तो आधी संगणकाच्या स्मृतीत साठतो आणि पुरेसा साठला, किंवा फाइल बंद झाली, की पुढे जातो. मध्येच वीज गेली तर साठलेले जाते. ज्या गावात वीज विचारून जात नाही, तिथे काम संपताच फाइल आपोआप बंद करणारी रचना पहिल्या दिवसापासून हाताला लागली पाहिजे.

आता मांडणी. एखादा आकडा किती जागेत बसवायचा आणि टिंबापुढे किती अंक दाखवायचे, हे आज्ञेतच सांगण्याची पद्धत फोरट्रान या भाषेने रूढ केली. आयबीएम कंपनीच्या ७०४ या यंत्रासाठी ती भाषा १९५७ साली बाहेर आली. दहा जागा, टिंबापुढे दोन अंक, ही सूचना तेव्हा ज्या धाटणीने लिहीत, जवळपास त्याच धाटणीने ती आज पायथनमध्येही लिहितात. त्याच वर्षी १ एप्रिलला आपल्याकडे रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या, म्हणजे एका रकमेसाठी तीन घरे लागत. टिंबापुढे दोन अंक पुरतात ही सोय आपल्याला १९५७ पासूनची आहे. विद्यार्थ्यांना मी हे सांगतो, कारण आज्ञेतला तो ‘दोन’ त्यांना मग मंत्रासारखा पाठ करावा लागत नाही. त्या दोन घरांत पैसे बसतात, एवढे लक्षात ठेवले की झाले.

पण दोन अंक दाखवणे वेगळे आणि दोन अंकांपर्यंत हिशेब बरोबर असणे वेगळे. एक उदाहरण घेऊ. दर हिशेबासाठी मनाने धरलेला आहे. समजा, हजारी दर २१० रुपये ५० पैसे आहे आणि छाट वजा जाता ८५० विड्या भरल्या. मजुरी होते १७८ रुपये साडेब्याण्णव पैसे. तो अर्धा पैसा कुणाचा? पायथनला १७८९२.५ पैसे पूर्णांकात आणायला सांगितले तर तो १७८९२ देतो. बरोबर अर्धे आले की तो जवळच्या सम संख्येकडे जातो, असा त्याचा नियम आहे. १७८९३.५ असते तर १७८९४ आले असते. म्हणजे एका ओळीत बाईचा अर्धा पैसा गेला, दुसऱ्या ओळीत दुसरीला मिळाला, आणि दोघींपैकी कुणालाही कुणी विचारले नाही. शास्त्रीय गणितासाठी हा नियम चांगला आहे. मजुरीचा नियम मात्र माणसांनी बसून ठरवायचा असतो आणि स्क्रिप्टमध्ये उघडपणे लिहायचा असतो. म्हणून या पुस्तकातली सगळी उदाहरणे पैशांत, पूर्णांकात हिशेब करतात आणि रुपयाचे टिंब फक्त छापताना देतात.

अर्ध्या पैशाला एवढे महत्त्व कशाला, असे कुणी विचारील. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठिय्या देऊन बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. ज्या गावात भावासाठी जीव गेले आहेत, तिथे पैशाचा अर्धा भाग कुणाच्या बाजूला सरकवायचा हे यंत्राच्या सवयीवर सोडणे मला पटत नाही.

यापुढे जो अडथळा येतो तो इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, कारण त्यांच्या लिपीत तो उद्भवतच नाही. नावासाठी बारा जागांचा रकाना ठेवा आणि आपल्या जिल्ह्यातली तीन गावे एकाखाली एक लिहा: अथणी, निपाणी, संकेश्वर. पायथन अक्षरे मोजत नाही, साठवलेली चिन्हे मोजतो. ‘अथणी’त चार चिन्हे आहेत, ‘निपाणी’त सहा, ‘संकेश्वर’मध्ये अनुस्वार, मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्त धरून आठ. म्हणून पहिल्यापुढे तो आठ मोकळ्या जागा सोडतो, दुसऱ्यापुढे सहा, तिसऱ्यापुढे चार. डोळ्यांना मात्र अनुक्रमे तीन, तीन आणि चार अक्षरे दिसतात. परिणामी पुढचा रकाना पहिल्या ओळीत अकराव्या जागेनंतर सुरू होतो, दुसरीत नवव्या, तिसरीत आठव्या. विद्यार्थ्याला वाटते की आपले काहीतरी चुकले. तो आज्ञा पुन्हा तपासतो, आणि आज्ञा बरोबर असते.

यावर तीन उपाय या पुस्तकात क्रमाने दिले आहेत. पहिला, चिन्हांऐवजी अक्षरे मोजून मोकळ्या जागा आपणच भरायच्या. यातून लिपीची घडण कळते, म्हणून तो करून पाहावा. पण देवनागरीत ‘ण’ रुंद आणि ‘र’ अरुंद असतो, त्यामुळे या उपायानेही ओळ पूर्ण सरळ होत नाही. दुसरा, रकान्यांमध्ये स्वल्पविराम घालून फाइल लिहायची आणि ती एक्सेलसारख्या तक्त्यात उघडायची. रकाने सांभाळण्याचे काम मग तक्ता करतो. तिसरा, पावती छापायची असेल तर ती वेब पानासारखी कोष्टकात लिहायची. मी स्वतः नोंदीसाठी दुसरा आणि पावतीसाठी तिसरा वापरतो. पहिल्याने शिकावे, उरलेल्या दोन्हींनी काम करावे.

आकड्यांचीही अशीच गोष्ट आहे. पायथनला ‘१२३’ असे मराठी अंक दिले तर तो ते संख्या म्हणून समजून घेतो, पण उत्तर नेहमी इंग्रजी अंकांत लिहितो. मोठ्या रकमेत स्वल्पविराम मागितला तर लाखाच्या जागी १,००,००० न देता १००,००० देतो. आपल्याकडे रक्कम हजार, लाख, कोटी अशी बोलली जाते, तर स्वल्पविरामही तिथेच पडला पाहिजे. या दोन्ही गोष्टींसाठी आठ-दहा ओळींची लहान कामे लिहावी लागतात, ती पाचव्या प्रकरणात आहेत.

यानंतर लिपीचा प्रश्न. सीमाभागात त्याला बगल देता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठी बोलणारा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या प्रश्नावर माझे मन बहुतेक वाचकांच्या मनापेक्षा निराळे नाही. पण या पुस्तकात मला रोजच्या जगण्याविषयी बोलायचे आहे. निपाणी कर्नाटकात आहे आणि अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मुले चालत राज्य ओलांडतात. घरी मराठी, कचेरीत कन्नड, संगणकावर इंग्रजी. एकाच गल्लीत एका पावतीला दोन लिप्यांचे वाचक असतात.

संगणकावर लिपी चुकली की काय होते, हे बेळगावच्या छपाईच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना विचारावे. युनिकोड हा सगळ्या लिप्यांचा सामायिक संकेत रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये आणि कन्नड मजकूर नुडीसारख्या प्रणालीत तयार होई. फाइलमध्ये त्या फाँटपुरते संकेत असत. तीच फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर नेली की लग्नपत्रिकेतल्या वधू-वरांच्या नावांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसत. मजकूर फाइलमध्ये होता, पण तो कोणत्या संकेतात आहे हे फाइल सांगत नव्हती.

आपल्या लिप्यांना सामायिक संकेत देण्याचे काम भारतीय मानक संस्थेच्या इस्की या मानकाने केले, आणि त्याच मांडणीवरून १९९१ च्या युनिकोडमध्ये आपल्या लिप्यांची घरे आखली गेली. त्यामुळे एक सुंदर गोष्ट घडली. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आहे आणि कन्नड ‘क’चा ३२२१. फरक ८९६. ‘म’मध्ये तोच फरक, ‘ण’मध्ये तोच, आणि दोन्ही भाषांना प्रिय असलेल्या ‘ळ’मध्येही तोच. दोन्ही लिप्या एकाच क्रमाने, समोरासमोर बसल्या आहेत. इनस्क्रिप्ट कळफलकावर तर दोन्ही ‘क’ एकाच कळीवर येतात. हा पाठ वर्गात झाला की मराठी आणि कन्नड घरांतली मुले एकमेकांच्या वहीत डोकावतात, हे मी दर वर्षी पाहतो.

मग कुणीतरी विचारतोच: प्रत्येक चिन्हात ८९६ मिळवले की मराठी पावतीची कन्नड पावती होईल का? करून पाहावे. ‘निपाणी’ कन्नड अक्षरांत उमटते, पण कन्नड वाचक गावाचे नाव ‘निप्पाणि’ असे दुहेरी ‘प’ने लिहितो. ‘बेळगाव’मधला ‘बे’ कन्नडात दीर्घ होऊन येतो आणि तिकडे तो ऱ्हस्व हवा असतो, शिवाय १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी आहे. गणिताने लिपी बदलते, शब्द बदलत नाही. दोन भाषांची पावती हवी असेल तर नोंदी एकदाच ठेवाव्यात आणि साचे दोन करावेत, एक मराठी, एक कन्नड, आणि प्रत्येक साचा ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा. आकडे दोन्हीकडे त्याच एका कीर्दीतून यावेत, म्हणजे भाषेप्रमाणे मजुरी बदलली असा संशयही कुणाला येणार नाही.

फाइल लिहिताना संकेत कोणता हे स्वतः सांगावे, हा या पुस्तकातला सर्वांत जास्त वेळा येणारा आग्रह आहे. यूटीएफ-८ हा संकेत १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी रचला. त्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी आणि कन्नड चिन्हाला तीन. ‘निपाणी’ अठरा बाइटांत बसते. विंडोजवर संकेत न सांगता फाइल उघडली तर अनेकदा पायथन जुना पाश्चात्त्य संकेत धरतो, आणि पहिल्याच मराठी नावावर स्क्रिप्ट अडते. तक्त्यासाठी लिहिलेल्या फाइलच्या आरंभी तीन बाइटांची एक खूण ठेवावी लागते, नाहीतर एक्सेल तिला यूटीएफ-८ म्हणून ओळखत नाही आणि नावे विस्कटतात. या दोन सूचनांनी माझ्या विद्यार्थ्यांच्या निम्म्या तक्रारी मिटल्या.

हे पुस्तक कुणासाठी आहे? बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, तिथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना यातली बरीच माहिती इंग्रजीत मिळेल. मी समोर धरला आहे तो वाचक वेगळा. पतसंस्थेत हिशेब लिहिणारी मुलगी, दूध संस्थेचा सचिव, फौंड्रीत हजेरी ठेवणारा तरुण, शाळेचा निकाल तयार करणारे गुरुजी. बेरीज-वजाबाकी आणि मराठी टाइप करणे एवढे येत असले तरी पुरे. पुस्तकातल्या आज्ञा जशा टाइप करायच्या तशाच रोमन अक्षरांत छापल्या आहेत आणि प्रत्येकीखाली तिचा अर्थ मराठीत आहे. आधी अर्थ वाचावा, मग आज्ञा टाइप करावी. उतरवून चिकटवू नये, कारण हात चुकतो तिथेच शिकणे होते.

ज्यांच्या नोंदींवर मी शिकलो, त्या घरांतल्या बायकांचे नाव मी इथे छापत नाही. त्यांना छापील कौतुकाची गरज नाही, पण त्यांचे ऋण मी मानतो. पावती कशी असावी हे मला त्यांनी शिकवले. नाव मोठे हवे, छाट वेगळ्या रकान्यात हवी, वजा झालेले वजा म्हणूनच दिसायला हवे.

शेवटच्या प्रकरणातला पाठ मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पावती तयार झाली की ती छापा आणि जिच्यासाठी आहे तिच्या हातात द्या. वाचून दाखवू नका, समजावूही नका. तिचे बोट ओळीवरून जाऊ द्या आणि ते कुठे अडते ते पाहा. जिथे अडेल तो रकाना लिहून घ्या, घरी या, स्क्रिप्ट उघडा आणि तेवढे दुरुस्त करा. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पावती घेऊन जा.

निपाणी